बेल्ह्याच्या बाजारात विजेचा भाव

कल्याणहून नगरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ मुरबाड, टोकावडे ओलांडून माळशेज घाट चढतो आणि जुन्नर तालुक्यात शिरतो. पुढं मढ, पिंपळगाव जोगे, ओतूर, आळेफाटा आणि मग बेल्हे. श्रावणात या रस्त्यावर धबधबे पाहणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. आम्ही निघालो ते दसरा उलटल्यावर, कडे कोरडे झाल्यानंतर. सोबत सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवण्याची कामं घेणारा एक इंजिनिअर मित्र होता. लहानमोठे व्यावसायिक सध्या त्याला एकच गोष्ट विचारतात : विजेचा साठा करून ठेवला तर परवडेल का? शहरातल्या कारखान्यांपुरतं उत्तर त्याच्यापाशी होतं. बाजारपेठेच्या गावात, म्हणजे शीतगृह, दूध संकलन केंद्र, बर्फाचा कारखाना, मंगल कार्यालय, पिठाची गिरणी असल्या धंद्यांत हे गणित कसं बसतं, ते पाहायला आम्ही बेल्ह्याचा सोमवारचा बाजार गाठायचं ठरवलं.

माळशेजच्या माथ्यावर गाडी थांबवली, तेव्हा विषयाला आपोआप तोंड फुटलं. एका अंगाला कोकणात सरळ कोसळणारा कडा, दुसऱ्या अंगाला पठार. विजेच्या साठ्याची जुनी आणि आजही सर्वांत मोठी रीत याच भूगोलावर उभी आहे. वीज मुबलक असेल तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी पंपानं वर चढवायचं आणि टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. सरकारी भाषेत याला उदंचन जलविद्युत म्हणतात. इथून उत्तरेला, अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. (नाणेघाटाजवळचं जुन्नरचं घाटघर वेगळं.) खुद्द माळशेज घाटासाठीही ७०० मेगावॉटचा प्रस्ताव बरीच वर्षं कागदावर आहे. खोपोलीला १९१५ साली जलविद्युत केंद्र सुरू करणाऱ्या टाटांनी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी दोन उदंचन प्रकल्पांचा करार केला : भिवपुरीला १,००० मेगावॉट आणि शिरवट्याला १,८०० मेगावॉट. सह्याद्रीच्या धारेवर असे आणखी काही प्रकल्प रांगेत आहेत.

इथं दोन मापं वेगळी ठेवायला हवीत, कारण बॅटरी विकणाऱ्यांच्या पत्रकात ती हमखास एकमेकांत मिसळलेली असतात. मेगावॉट किंवा किलोवॉट म्हणजे एका वेळी किती जोर काढता येईल ते माप. मेगावॉट-तास किंवा किलोवॉट-तास म्हणजे एकूण साठा. आपल्या बिलावरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. पन्नास किलोवॉट जोराची आणि शंभर युनिट साठ्याची बॅटरी पूर्ण जोरानं दोन तास चालते, निम्म्या जोरानं चार तास. विकत घेताना दोन्ही आकडे विचारावेत.

घाट मागे पडला की डाव्या हाताला पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी दूरवर पसरलेलं दिसतं. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि हे, अशा पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पानं जुन्नर-आंबेगावचं रूप पालटलं. बाजरीच्या जागी ऊस, द्राक्ष, टोमॅटो आणि कांदा आला. पाण्यामागोमाग मोटारी आल्या, मोटारींमागोमाग विजेची मागणी. उसामागोमाग बिबट्याही आला. जुन्नर वनविभागातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चारही तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्याची मादी पिलं वाढवते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं, यावरून प्रश्नाचा आकार कळावा.

बिबट्याचा आणि बॅटरीचा संबंध काय, असं वाचकाला वाटेल. ओतूरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर भेटलेल्या एका बागायतदारानं तो एका वाक्यात जोडून दिला. "दादा, लाईट रात्री येती, मोटर चालू कराया रात्री जावं लागतं, आन् त्यो बी रात्रीचाच फिरतोय." शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज आळीपाळीनं काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालली. दिवसा वीज द्या, ही इथल्या शेतकऱ्याची मागणी सोयीसाठी नाही, जिवासाठी आहे. त्या मागणीचं उत्तर म्हणून राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि उद्दिष्ट वाढत १६,००० मेगावॉटवर गेलं. गावोगावच्या उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे करायचे आणि शेतीला ऊन असताना वीज द्यायची, असा तिचा बेत आहे.

याचा परिणाम शेताच्या बांधावर थांबत नाही. शेतीसाठी, छतांवर, वाळवंटात असं सगळीकडून सौर उत्पादन वाढलं, की दुपारी वीज उदंड होते आणि सूर्य मावळला की एकदम कमी पडते. म्हणून विजेचा भाव घड्याळाला बांधला जाऊ लागला. महाराष्ट्रात उद्योगांना वेळेनुसार दर नवा नाही. जुन्या रचनेत रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपयाची सवलत असे. सकाळी नऊ ते बारा ८० पैसे आणि संध्याकाळी सहा ते दहा १ रुपया १० पैसे जादा लागत. म्हणून तर कित्येक कारखाने रात्रपाळीवर पोसले गेले. जून २०२३ मध्ये केंद्रानं वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. १० किलोवॉटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर, उन्हाच्या आठ तासांत किमान २० टक्के स्वस्त वीज आणि मागणीच्या ऐन वेळी किमान १.२ पट दर, असा तो नियम आहे. राज्यातल्या २०२५ च्या दररचनेनं तोच मार्ग धरला. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सवलत, पाचनंतर जादा आकार. रात्रीची सवलत दिवसावर गेली आणि रात्रपाळीची जुनी गणितं उलटीपालटी झाली.

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात. दिवसरात्र जागा असणारा हा फाटा आहे. जुन्नर बाजार समितीचा कांद्याचा मोठा बाजार इथं भरतो. आम्ही पोचलो तेव्हा आवारात उन्हाळी कांद्याच्या शेवटच्या पिशव्या उतरत होत्या. एप्रिल-मेमध्ये काढलेला हा कांदा शेतकरी बांबूच्या किंवा लोखंडी जाळीच्या, खालून-बाजूनं वारा खेळणाऱ्या चाळीत भरतो आणि भाव चढेल तेव्हा बाहेर काढतो. काढणीच्या वेळी बाजारात कांद्याची रास लागलेली असते, तेव्हा भाव पडलेला. मित्र चाळीतल्या कांद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बॅटरी म्हणजे विजेची चाळ. बाकी सगळी गुंतागुंत मागाहून."

ही तुलना दोन्ही अंगांनी खरी ठरते, फायद्याच्या आणि तोट्याच्याही. चाळीतला सगळा कांदा बाजारात जात नाही. काही सुकून वजनात घटतो, काहीला कोंब फुटतात, काही सडतो. बॅटरीतही शंभर युनिट भरली की शंभर परत येत नाहीत. एसीची डीसी करणं, पुन्हा डीसीची एसी करणं, बॅटरी थंड ठेवणं यांत घट होते आणि चांगल्या यंत्रणेतून साधारण ८५ ते ९० युनिटं हाती लागतात. चाळ बांधायला भांडवल लागतं आणि तिचंही आयुष्य असतं. भाव चढेलच या भरवशावर कर्ज काढून चाळ बांधणारा शेतकरी जसा अडचणीत येऊ शकतो, तसाच दरातल्या फरकाच्या भरवशावर बॅटरी घेणारा धंदेवाईकही.

आळेफाट्याहून पूर्वेला निघालं की राजुरीचा फाटा ओलांडून थोड्याच वेळात बेल्हे येतं. सोमवार असल्यामुळे गाव दुरूनच कळलं. पिकअप, छोटा हत्ती आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या दोन्ही कडांना लागलेले. बेल्ह्याचा बैलबाजार पंचक्रोशीत नावाजलेला आहे. खिल्लार बैलांच्या जोड्या दावणीला, शिंगं रंगवलेली, दात पाहणारे गिऱ्हाईक, मधोमध दलाल, बाजूला कासरे, वेसण आणि घुंगरमाळांची दुकानं. जुन्नर आणि आंबेगावच्या शेतकऱ्याबरोबर पारनेर-संगमनेरकडचा शेतकरीही इथं येतो. पलीकडे भाजीपाला, किराणा, कपडे, भांडी. कलिंगडाच्या फोडी विकणाऱ्याच्या गाडीवर एक छोटी बॅटरी आणि एलईडी दिवा होता. दिवस मावळल्यावर बाजार उठेपर्यंत तोच त्याचा उजेड. व्यापारी वापराची बॅटरी बेल्ह्यात मी पहिल्यांदा पाहिली ती ही.

कंटेनरातली मोठी बॅटरी मात्र आम्हाला कुठं आढळली नाही. दिसले ते जनरेटर. हॉटेलामागे, मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात, पंपाच्या शेडखाली हिरव्या किंवा पिवळ्या पेटीतले, चिमणी काळी पडलेले. रस्त्यालगतच्या एका शीतगृहाच्या मालकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि वहीच पुढं ठेवली. लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, जनरेटर किती वेळ चालला, डिझेल किती लागलं, सगळं तारखेनुसार लिहिलेलं. "साहेब, लाईट तासभर जाऊ द्या, माल लगेच खराब होत नाही. पण दार उघडझाप चालू असलं, गाडी भरायची असली, की जनरेटर मारावाच लागतो. आणि चालू झाला की डिझेल नुसतं पितो."

हिशोब वहीतूनच निघाला. मध्यम आकाराच्या जनरेटरमधून लिटरभर डिझेलला तीन ते साडेतीन युनिट वीज मिळते. डिझेल नव्वद रुपये धरलं, तर युनिट पडतं २६ ते ३० रुपयांना. त्यात देखभाल वेगळी. तारेतून येणारी वीज सगळे आकार धरूनही याच्याहून बरीच स्वस्त असते.

मित्रानं वहीच्या मागच्या पानावर शंभर युनिटांच्या बॅटरीचं गणित मांडलं. आकडे गृहीत धरलेले, पण रीत खरी. वीज आकार ८ रुपये धरू. केंद्राच्या किमान नियमाप्रमाणे दुपारी तो ६ रुपये ४० पैसे आणि संध्याकाळी ९ रुपये ६० पैसे होईल. दुपारी शंभर युनिटं भरली, खर्च ६४० रुपये. घट जाऊन संध्याकाळी ८५ युनिटं वापरली, वाचले ८१६ रुपये. दिवसाचा फायदा १७६ रुपये. वर्षातले ३०० दिवस धरले तर ५२,८०० रुपये. अशी बॅटरी सगळ्या साहित्यासह युनिटमागे १५,००० रुपयांना पडली असं धरलं, तर भांडवल १५ लाख. म्हणजे नुसत्या दरातल्या फरकावर पैसे फिटायला २८ वर्षं लागतील. तोवर बॅटरीच जुनी होऊन जाईल.

मालक हसले. मग मित्रानं दुसरी ओळ लिहिली. त्या ८५ युनिटांपैकी रोज २८ युनिटं जनरेटरऐवजी वापरली आणि उरलेली ५७ संध्याकाळच्या महागड्या वेळात. डिझेलचे २८ रुपयांप्रमाणे ७८४ आणि तारेच्या विजेचे ५४७, मिळून १,३३१ रुपये वाचले. भरण्याचे ६४० वजा केले तर दिवसाला ६९१. वर्षाला दोन लाखांच्या वर. आता भांडवल सात-साडेसात वर्षांत फिटतं. एकाच बॅटरीचं उत्तर २८ वर्षांवरून सातवर येतं, ते डिझेलमुळे. अर्थात लाईट केव्हा जाईल ते सांगून जात नाही. म्हणून साठ्याचा काही भाग राखून ठेवावा लागतो आणि सगळा संध्याकाळी संपवता येत नाही. तेवढा फायदा कमी धरायचा.

छतावर सौर पॅनेल असतील तर तिसरी ओळ येते. वेळेनुसार दर लागणाऱ्या ग्राहकाची दुपारी तयार झालेली जादा युनिटं संध्याकाळच्या महागड्या वेळात वळती होत नाहीत. ती दुपारच्या स्वस्त विजेपोटीच धरली जातात. सुटीच्या दिवशी किंवा माल कमी असताना उरणारी ही वीज बॅटरीत घेतली, तर भरण्याचा खर्च उतरतो. चौथी ओळ मागणी आकाराची. उच्चदाब ग्राहकाला युनिटांखेरीज किलोव्होल्ट-अँपिअरमागे महिन्याला पाचशे-सहाशे रुपये द्यावे लागतात, आणि मंजूर मागणी ओलांडली तर दंडाचा दर लागतो. महिन्यातून काही वेळाच दोन कॉम्प्रेसर एकदम चालू होऊन मागणी उसळत असेल, तर तेवढ्या मिनिटांचा भार बॅटरी उचलते आणि बिलावरचा मागणीचा आकडा खाली राहतो.

मला पटलेली गोष्ट मात्र पाचवी होती आणि तिला बॅटरी लागतच नाही. काम पुढंमागं सरकवणं हाही साठाच आहे. पिठाच्या गिरणीनं दळण संध्याकाळऐवजी दुपारी उरकलं, पाण्याची टाकी उन्हाच्या वेळात भरून ठेवली, बर्फाच्या कारखान्यानं लाद्या दुपारी गोठवल्या, तर महागडी वीज वाचते आणि गुंतवणूक शून्याच्या जवळ. शीतगृहानं मालाला सोसेल तेवढं तापमान दुपारी एक-दोन अंश खाली नेऊन ठेवलं, की संध्याकाळी यंत्र कमी चालतं. दूध थंड करणाऱ्या केंद्रांत बर्फाच्या टाकीचा उपयोग असाच होतो. वीज असताना नळ्यांभोवती बर्फ जमवायचा आणि दूध आलं की त्या थंडीवर ते गार करायचं. प्रोमिथिअन पॉवर सिस्टिम्स या कंपनीनं पुण्यात हेच तत्त्व नव्या रूपात आणलं. अमेरिकेतल्या दोघा उद्योजकांनी २००७ साली ती सुरू केली, तेव्हा डोक्यात सौर शीतगृह होतं. भारतातल्या खेड्यांत फिरल्यावर त्यांना कळलं की खरी अडचण दुधाची आहे. धार काढल्यावर सुमारे ३५ अंशांवर असणारं दूध लवकर ४ अंशांवर आणावं लागतं आणि नेमकी तेव्हाच लाईट नसते. त्यांनी वीज साठवण्याऐवजी थंडी साठवणारं दूध-शीतक यंत्र केलं आणि जनरेटर हटवला. दूध, भाजी आणि फुलांच्या या पट्ट्यात हे उदाहरण बॅटरीइतकंच लक्षात ठेवण्याजोगं आहे.

मग बॅटरी कोणती? इन्व्हर्टरमधली शिशाची बॅटरी सगळ्यांना माहीत आहे. ती स्वस्त असते, पण रोज खोलवर उतरवली तर काही वर्षांतच बसते. व्यवसायासाठी आता मुख्यतः लिथियम आयर्न फॉस्फेट, बोलीभाषेत एलएफपी, वापरतात. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीनं १९९१ साली बाजारात आणली. एलएफपीचं रसायन १९९७ च्या शोधनिबंधातून पुढं आलं. नोबेल विजेते जॉन गुडइनफ यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या त्या निबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी आणि सहलेखक नंजुंदस्वामी, दोघेही भारतीय वंशाचे. या प्रकारात कोबाल्ट आणि निकेल नाही, आग लागण्याचा धोका तुलनेनं कमी आणि भरणं-उतरणं हजारो वेळा होतं. सेलपासून मॉड्यूल, मॉड्यूलपासून रॅक, रॅकपासून कपाट किंवा कंटेनर अशी रचना असते. प्रत्येक सेलचं तापमान आणि व्होल्टेज पाहणारी व्यवस्था, ज्याला बीएमएस म्हणतात, ती निकामी असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

किमती वेगानं पडल्या, हे खरं. ब्लूमबर्गच्या २०२४ च्या सर्वेक्षणात लिथियम-आयन पॅकची जगातली सरासरी किंमत युनिटमागे ११५ डॉलर होती, आदल्या वर्षी १३९. भारतात सौर ऊर्जा महामंडळाच्या २०२२ च्या निविदेत दोन तासांच्या साठ्याचा दर मेगावॉटला महिना १०.८३ लाख रुपये आला होता. मार्च २०२४ मध्ये गुजरातच्या निविदेत तो साडेचार लाखांच्या आसपास आणि त्याच वर्षाअखेरीस, सरकारी अनुदान धरून, सव्वादोन लाखांच्या घरात उतरला. मोठ्या प्रकल्पाचा हा भाव बेल्ह्यातल्या शंभर युनिटांच्या कपाटाला मिळणार नाही, पण दिशा तीच. पुण्यातल्या केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये आयसर पुणेच्या सहकार्यानं विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. लिथियमऐवजी मिठातला सोडियम वापरणारी बॅटरी व्यवहारात उतरली, तर आयातीचं ओझं हलकं होईल.

सावधगिरीचे मुद्दे दोन. पहिला उष्णतेचा. एप्रिल-मेमध्ये हा भाग चांगलाच तापतो आणि लिथियम बॅटरीला पंचविशीच्या आसपासचं तापमान मानवतं. पत्र्याच्या शेडखाली, जनरेटरच्या धुराड्याशेजारी तिला ठेवणं म्हणजे आयुष्य स्वतःहून कापणं. सावली, हवा, गरज पडल्यास शीतयंत्रणा आणि तिला लागणारी वीज हे सगळं हिशोबात धरावं. दुसरा आगीचा. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या प्रचंड बॅटरी केंद्राला आग लागली आणि आजूबाजूच्या रहिवाशांना हलवावं लागलं. तिथल्या बॅटऱ्या निकेल-कोबाल्टच्या होत्या आणि इमारतीत दाटीनं भरलेल्या. एलएफपी अधिक सुरक्षित असली तरी तीही माल, बारदान आणि डिझेल यांपासून लांब, मोकळ्या जागी हवी.

बेल्ह्यापुरता आणखी एक मुद्दा आहे आणि तो बॅटरी विकणाऱ्या कुणाच्याही पत्रकात नसतो. दुपारी आम्ही खोडदच्या बाजूला वळलो. शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. एकूण ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर पसरलेल्या. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ संकेत त्या पकडतात. म्हणून भोवतालच्या ३० किलोमीटरच्या परिसरात नव्या उद्योगाला दुर्बिणीच्या संस्थेचा ना-हरकत दाखला लागतो, आणि तालुक्यात मोठी औद्योगिक वसाहत आली नाही त्याचं एक कारण हे सांगितलं जातं. बेल्हे या परिसरात येतं. बॅटरीची डीसी वीज एसी करणारं यंत्र सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतं आणि त्यातून रेडिओ गोंगाट निर्माण होतो. यंत्राला नीट आवरण, फिल्टर आणि अर्थिंग असेल तर तो रोखता येतो. स्वस्तातलं बिनप्रमाणित यंत्र आणलं तर तो तारांवरून पसरतो. जुन्नरच्या व्यावसायिकानं कोटेशनमध्ये हा प्रश्न लेखी विचारावा आणि दाखल्याचं काम खरेदीआधी उरकावं.

संध्याकाळी नगरच्या दिशेनं थोडं पुढं जाऊन गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल पाहिला. आणे घाटात ओढ्यानं खडक खालून कोरत नेला आणि वर दगडी कमान शिल्लक राहिली. तिच्यावरून माणसं चालतात, खालून पाणी जातं. घाट चढून वर आलं की आण्याचं पठार लागतं. खालच्या कालव्यांचं पाणी इथवर पोचत नाही. रंगदास स्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी प्रसिद्ध असलेलं हे गाव ऊन मात्र भरपूर घेतं. पुढं-मागं सौर उत्पादन या बाजूला वाढलं, तर त्याचा साठा कुठं करायचा हा प्रश्न बेल्ह्यापर्यंत नक्की येईल.

ही यंत्रणा सांभाळायला माणसं बाहेरून आणावी लागणार नाहीत, अशी आशा धरायला जागा आहे. बेल्ह्यालगत बांगरवाडीला समर्थ शैक्षणिक संकुलात अभियांत्रिकीचं आणि पॉलिटेक्निकचं शिक्षण मिळतं. गावातला वायरमन आज मोटर आणि स्टार्टर डोळे मिटून दुरुस्त करतो. बीएमएसचा इशारा वाचणं आणि डीसी तार हाताळण्याची शिस्त त्याला शिकवली, तर बंद पडलेल्या कपाटासाठी पुण्याहून माणूस येण्याची वाट पाहावी लागणार नाही. उत्पादकाची हमी किती वर्षांची आणि किती वेळा भरण्या-उतरण्याची, हमी संपताना किती टक्के साठा उरलेला असेल आणि बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येईल, या तीन गोष्टी करारात लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बेल्ह्यातून माझं मत पक्कं झालं ते असं. फक्त दिवस-रात्रीच्या दरातल्या फरकासाठी बॅटरी घेणं आज बहुतेक लहान व्यवसायांना परवडणारं नाही. ज्याचा जनरेटर रोज चालतो, ज्याच्या छतावरची वीज दुपारी उरते आणि ज्याच्या बिलात मागणीचा आकार टोचतो, त्याला ती परवडू शकते. या तिन्हींतलं काहीच नसेल तर थांबावं, भाव अजून उतरत आहेत. दर दरवर्षी बदलतात, त्यामुळे माझ्या आकड्यांवर न जाता गेल्या बारा महिन्यांची स्वतःची बिलं आणि डिझेलची वही समोर ठेवावी. आधी कामाच्या वेळा बदलून पाहाव्यात, मग थंडी किंवा पाणी साठवता येतं का ते पाहावं आणि त्यानंतरही जनरेटर मारावा लागत असेल, तरच बॅटरीवाल्याला फोन करावा.